अमेरिकेतले बंदूक-हक्काचे समर्थक आरकेबीए, एनएफए, एसबीआर म्हणतात ते काय?

आरकेबीए म्हणजे शस्त्रं बाळगण्याचा हक्क. हे शब्द १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतले, म्हणून काहीजण नुसतं 'टू-ए' म्हणतात.

बाकीची लघुरूपं बहुतेक कायद्याच्या कागदांतली. एनएफए हा १९३४ चा बंदूक कायदा. त्यातली एसबीआर म्हणजे आखूड नळीची रायफल. नळी १६ इंचांहून कमी भरली आणि नोंदणी नसली, तर तुरुंगवासही होऊ शकतो. अर्ध्या इंचावर एवढं अवलंबून असेल तर ही अक्षरं तोंडात बसणारच.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र एआर-१५ या रायफलीवरून. 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल असं अनेकांना वाटतं. खरं तर ते आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून आलंय. समोरच्याचं एवढं चुकलं की कित्येक समर्थक त्याचं पुढचं बोलणं कानावरच घेत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही. गोळीबारात मूल गमावलेल्या आईनं आधी लघुरूपं पाठ करायची का? कायदा लिहिणाऱ्या लोकप्रतिनिधीला मात्र ती यायलाच हवीत, तिथे समर्थकांचा राग रास्त आहे.

आणि एफएफएल दिसलं तर तो बंदूक विकण्याचा केंद्रीय परवाना. बोलताना परवानाधारक दुकानदारालाही तेच म्हणतात.