अंडरडॉग धक्का देतात, मग कप का नेत नाहीत?

तुमचे प्रश्न तीन आहेत, म्हणून उत्तर लांबणार. सौदी अरेबिया अर्जेंटिनाला हरवू शकतो, तर फुटबॉलचा वर्ल्ड कप फिरून फिरून त्याच देशांकडे का जातो, हा पहिला. स्पर्धा सुरू होण्याआधी छुपा रुस्तम ओळखता येतो का, हा दुसरा. आणि ऑफिसच्या प्रेडिक्शन लीगमध्ये कुणावर गुण लावायचे, हा तिसरा. खरी घाई तिसऱ्याची आहे हे कळतंय, पण त्याचं उत्तर पहिल्या दोनांतूनच निघतं.

1930 ते 2022 या काळात पुरुषांचे 22 वर्ल्ड कप झाले आणि जिंकणारे देश फक्त आठ: ब्राझील, जर्मनी, इटली, अर्जेंटिना, फ्रान्स, उरुग्वे, इंग्लंड, स्पेन. नेदरलँड्ससारखा तालेवार संघ तीनदा फायनलपर्यंत जाऊन हात हलवत परत आला. धक्के मात्र जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत बसतात. कारण एक मॅच मारणं आणि सात मॅच टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांना लागणारे संघही वेगळे.

सौदीचंच बघा. 22 नोव्हेंबर 2022, लुसेल, आपल्याकडे दुपारी साडेतीनची मॅच. अर्जेंटिना सलग 36 सामने हरलेला नव्हता. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, 1-0. त्यानंतर पहिल्या हाफात अर्जेंटिनाने आणखी तीनदा बॉल जाळ्यात घातला आणि तिन्ही गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले, म्हणजे पास निघताना पुढचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे पोचलेला होता. लोकांना हे नशीब वाटलं. पण सौदीची बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत वर येऊन एका रेषेत उभी राहत होती, हा ठरवून घेतलेला जुगार होता. अर्ध्या पावलाची चूक झाली असती तर हाफटाइमलाच 4-0. मध्यंतरात प्रशिक्षक हर्व्हे रेनार यांनी पोरांना कसं फैलावर घेतलं त्याचा व्हिडिओ नंतर जगभर फिरला. मेस्सीसोबत फोटोच काढायचा असेल तर मोबाइल घेऊन जा, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले होते. मग 48व्या मिनिटाला अल शेहरी, 53व्या मिनिटाला अल दव्सारी, आणि निकाल 2-1. हेच रेनार 2012 मध्ये झांबियाला आफ्रिका कप जिंकून देऊन आले होते, त्यामुळे लहान संघाला मोठ्यापुढे कसं उभं करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढचं कुणी फारसं सांगत नाही. त्या विजयाची किंमत सौदीने त्याच दिवशी मोजली होती. कर्णधार अल फराज पहिल्या हाफातच जखमी होऊन बाहेर गेला, तो स्पर्धेतूनच गेला. डावा बचावपटू अल शहरानी स्वतःच्याच गोलकीपरवर आदळून स्ट्रेचरवर गेला. पोलंडविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती त्यांचा गोलकीपर श्चेन्स्नीने अडवली आणि मॅच 0-2. मेक्सिकोविरुद्ध 1-2. गटात शेवटचा नंबर, गाशा गुंडाळला. आणि चारी मुंड्या चीत झालेला अर्जेंटिना कप घेऊन घरी गेला.

मुळात फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. क्रिकेटमध्ये तीनशे चेंडूंत मोठा संघ कुठे ना कुठे वरचढ ठरतो, इथे नव्वद मिनिटांत एक कॉर्नर, एक घसरलेला पाय आणि खेळ खल्लास. म्हणून दुबळ्या संघाचा शहाणपणा कशात, तर गोल होण्याचे प्रसंगच कमी करण्यात. शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला हे नव्याने सांगायला नको. समोरची तालीम, म्हणजे समोरचा क्लब, भारी असली की पहिल्या मिनिटापासून बॉल बाहेर, वेळ खाणं सुरू, गॅलरीतून शिव्या. पण 0-0 सुटलं की तीच गॅलरी खांद्यावर घेते.

ही कला शेवटापर्यंत नेणारा माझ्या माहितीतला सर्वांत अस्सल संघ म्हणजे 2004च्या युरोतला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतला, ग्रीस. त्याआधी ग्रीसने कुठल्याही मोठ्या स्पर्धेत एकही मॅच जिंकली नव्हती. 1994च्या वर्ल्ड कपमध्ये तीन सामने, दहा गोल खाल्ले, केला एकही नाही. प्रशिक्षक ओटो रेहागेल, जर्मन, जुन्या वळणाचे. याच गृहस्थांनी कायझरस्लाउटर्न या क्लबला दुसऱ्या श्रेणीतून वर आणून लगेच 1998 मध्ये बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकून दिली होती. सगळं जग झोनल बचाव (प्रत्येकाने आपापला भाग राखायचा) खेळत असताना यांनी माणसामागे माणूस लावला आणि सगळ्यांच्या मागे ट्रायानोस डेलास मोकळा ठेवला. उद्घाटनाच्या मॅचमध्ये यजमान पोर्तुगालला 2-1, स्पेनशी 1-1, मग रशियाकडून चक्क हरले. स्पेन आणि ग्रीसचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. ग्रीसने स्पेनपेक्षा जास्त गोल केले होते, तेवढ्यावर निभावलं.

आणि मग बाद फेरी. फ्रान्स 1-0, चेक प्रजासत्ताक 1-0, फायनलला पुन्हा पोर्तुगाल 1-0. तिन्ही गोल हेडरने. चेकविरुद्धची उपांत्य मॅच मिळाली तर पूर्ण बघा. चेक संघ तोवरचे चारही सामने जिंकून आलेला, त्या स्पर्धेतला सर्वांत देखणा. सुरुवातीलाच रोसित्स्कीचा फटका क्रॉसबारला. चाळिसाव्या मिनिटाला त्यांचा हुकमी खेळाडू नेदवेद गुडघा धरून बाहेर. तरी ग्रीस घाई करत नाही. तेव्हा रुपेरी गोलचा नियम होता: जादा वेळेच्या पहिल्या पंधरा मिनिटांअखेर जो पुढे, तो जिंकला. पंधरा मिनिटं संपलेली, शिटी तोंडाशी आलेली, उजवीकडून त्सिआर्तासचा कॉर्नर, डेलास जवळच्या खांबापाशी उडी मारतो आणि बॉल आत. चेक संघाला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. फायनलला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, कॉर्नर बासिनासचा आणि डोकं खारिस्तेआसचं. पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डो गोल सोडून पुढे आला खरा, पण बॉलपर्यंत पोचला नाही. गोव्यातल्या पोर्तुगालवाल्यांसमोर हा विषय आजही काढू नये.

तेव्हा पेपरांनी याला कंटाळवाणा फुटबॉल म्हणून नाकं मुरडली. मला ते पटत नाही. हातात जे आहे त्यातून सहा मॅचमध्ये सात गोल करून युरोप जिंकणं यात कंटाळवाणं काय आहे? मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती स्पर्धा सोळा संघांची आणि सहा मॅचची होती. 1992 मध्ये युगोस्लाव्हियावर बंदी आली म्हणून ऐन वेळी बोलावलेल्या डेन्मार्कने युरो जिंकला, तो आठ संघांचा, पाच मॅचचा. छोट्या स्पर्धेत छोटा संघ पुरतो. दुसरं, ग्रीसची ती जादू टिकाऊ नव्हती. दोन महिन्यांत हेच युरोपविजेते अल्बानियाकडून हरले आणि 2006च्या वर्ल्ड कपला पात्रही ठरले नाहीत.

सात मॅचमध्ये घोडं कुठे पेंड खातं ते बघायचं तर 2022चा मोरोक्को घ्या. उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी फक्त एक गोल खाल्ला होता, तोही कॅनडाविरुद्ध स्वतःच्याच खेळाडूचा. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल, तिघांनाही पाणी पाजलं. वर्ल्ड कपची उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला तो पहिला देश. पण फ्रान्ससमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा बचावफळी खिळखिळी झाली होती. बचावपटू अगेर्डचं नाव संघात होतं, वॉर्मअपनंतर तो बसला. कर्णधार साईस पट्ट्या बांधून उतरला आणि एकविसाव्या मिनिटाला परत गेला. मझरावी हाफटाइमला. पाचव्याच मिनिटाला गोल खाल्ला होता, शेवटी 0-2. फ्रान्सकडेही पोग्बा, कान्ते, बेन्झेमा नव्हते, पण त्यांच्या जागी आलेले त्यांच्याच तोलामोलाचे होते. 1990चा कॅमेरून आठवा: उद्घाटनाला नऊ खेळाडूंवर येऊनही मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला 1-0 हरवलं, पण इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व मॅचला चार जण कार्डांमुळे बाहेर बसले होते आणि जादा वेळेत 2-3 हरले. अकरा भारी गडी लहान देशालाही मिळतात. सोळावा, सतरावा मिळत नाही.

आता छुपा रुस्तम कसा ओळखायचा. फिफाच्या क्रमवारीकडे मी फारसं बघत नाही. त्यापेक्षा त्या संघाचे खेळाडू एरवी शनिवारी-रविवारी कुठे खेळतात ते बघा. मोरोक्को क्रमवारीत 22वा होता, पण त्यांचे खेळाडू युरोपातल्या मोठ्या क्लबांत होते: हकीमी पॅरिसला, मझरावी बायर्नला, बोनो सेव्हिलाला. 26 पैकी 14 जण तर मोरोक्कोबाहेर जन्मलेले. स्पेनविरुद्ध शूटआउटमध्ये गोलकीपर आडवा होईपर्यंत थांबून मधोमध अलगद बॉल टाकणारा हकीमी माद्रिदमध्येच जन्मला. असा खेळाडू स्पेनचं नाव ऐकून गळपटेल कसा? जपानचंही तेच. जर्मनीला 2-1 हरवलं, दोन्ही गोल बदली खेळाडूंचे, दोघंही जर्मनीतल्या क्लबांचे: दोआन फ्रायबर्गचा, असानो बोखुमचा. असानोचा गोल पुन्हा बघा. मागून आलेला लांबलचक बॉल त्याने एका स्पर्शात खाली घेतला, जर्मन बचावपटू श्लॉटरबेकला खांद्यावर रोखून धरलं आणि जवळजवळ रेषेवरून, गोलकीपर नॉयरच्या डोक्यावरून, वरच्या कोपऱ्यात हाणला. तो रोजच्या ओळखीच्या बचावपटूंशी खेळत होता. त्याच जपानने स्पेनला जेमतेम 18 टक्के बॉल ताब्यात ठेवून हरवलं, आणि मधल्या मॅचमध्ये कोस्टारिकाकडून 0-1 मार खाल्ला! तिथे बॉल यांच्याकडे होता, हल्ला यांनी करायचा होता, आणि नेमकं तेच जमेना. अंडरडॉग निवडताना हे तपासाच: समोरचा आपल्यापेक्षा कमजोर असेल तेव्हा हा संघ काय करतो?

फेव्हरिटांबद्दल थोडक्यात. पहिल्या मॅचवरून त्यांना निकालात काढू नका. 1982चा इटली गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून, केवळ एक गोल जास्त म्हणून कॅमेरूनच्या पुढे गेला आणि जगज्जेता झाला. 2010चा स्पेन पहिलीच मॅच स्वित्झर्लंडकडून हरला, मग बाद फेरीतले चारही सामने 1-0 जिंकला. उलट गतविजेत्यांपासून सावध राहा: 2002चा फ्रान्स, 2010चा इटली, 2014चा स्पेन, 2018चा जर्मनी, चौघंही गटातूनच घरी. आणि आमच्या कोल्हापुरातले ब्राझीलवाले चौकाचौकात बोर्ड लावतात त्यांना न दुखावता सांगायचं तर, 2006पासून पाचही वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलला बाहेर काढलंय ते युरोपच्याच संघाने: फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम, क्रोएशिया. युरोपचा चांगला संघ समोर आला की ब्राझीलवर आंधळे गुण लावू नका.

आता तुमची प्रेडिक्शन लीग. लहान संघांवर गुण लावायची जागा म्हणजे गटातली पहिली फेरी आणि तिसरी फेरी. पहिल्या फेरीत मोठे संघ अजून अंग मोकळं करत असतात. तिसऱ्यात पुढे गेलेले संघ राखीव खेळाडू उतरवतात. 2022 मध्ये ट्युनिशियाने फ्रान्सला, कॅमेरूनने ब्राझीलला, दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवलं, आणि तिन्ही मोठे संघ आधीच पुढे गेलेले होते. अशा मॅचच्या दिवशी संघ जाहीर होईपर्यंत तुमचा अंदाज भरू नका, नियमात बसत असेल तर. बाद फेरीत मोठ्यांकडे वळा, आणि अचूक स्कोअरला जादा गुण असतील तर कमी गोलांचाच स्कोअर लिहा.

2026पासून 48 संघ आहेत, म्हणून लहानांचं फावेल असं तुम्ही म्हणता. प्रवेशापुरतं खरं आहे. पण बारा गटांतले तिसऱ्या क्रमांकाचे आठ संघही पुढे जाणार आणि विजेत्याला सातऐवजी आठ मॅच खेळाव्या लागणार. तिसऱ्या क्रमांकाची ही गादी आजवर मोठ्यांच्याही चांगलीच कामी आलेली आहे. 1990चा अर्जेंटिना कॅमेरूनकडून हरून गटात तिसरा होता, तरी फायनलला पोचला. 2016च्या युरोत पोर्तुगाल तीन बरोबऱ्या करून गटात तिसरा आला आणि चषकच घेऊन गेला. त्यामुळे शेवटच्या 32 मध्ये आणि 16 मध्ये दोन-तीन अनोळखी नावं खुशाल घाला, तिथे जागा वाढली आहे. विजेत्याच्या रकान्यात मी तरी सुरुवातीला सांगितलेल्या त्या आठ विजेत्या देशांबाहेर जाणार नाही. गेलोच तर नेदरलँड्स किंवा पोर्तुगाल, तेही गुण दुप्पट मिळणार असतील तरच.