जमीन विकू नका, सेशनच्या खोलीत बसा

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या पालकांची या वेळची बहुतेक पत्रं पैशाबद्दल आहेत. त्यातली चार इथे घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न सगळ्यांना पडलेला आहे.

प्रश्न : मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. थेरपी सेंटरने रोज तीन तासांचं, महिन्याला २८ हजारांचं पॅकेज सांगितलं. माझा पगार ४१ हजार, त्यात घराचा हप्ता. गावाकडची अर्धा एकर विकायचं चाललं आहे. 'ही दोन वर्षं हातची गेली की गेली' असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. काय करू? – एक वडील, चाकण

दादा, जमीन विकू नका.

लवकर सुरुवात करावी हे अगदी खरं. पण लवकर सुरुवात म्हणजे भरमसाट तास नव्हे. आठवड्याला ४० तास हा आकडा पालकांच्या कानावर सतत पडतो. तो रूढ झाला १९८७ साली अमेरिकेत लोवास या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून, आणि त्यात इतके तास मिळालेली मुलं होती फक्त १९. पुढे २०२४ मध्ये १४४ अभ्यास, म्हणजे नऊ हजारांवर मुलांची माहिती, एकत्र तपासली गेली. तास वाढवले की मुलाची प्रगतीही तेवढी वाढते, याचा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. आणि ही दोन वर्षं गेली म्हणून दार बंद होत नाही. पाच, आठ, बारा वर्षांची मुलंही नव्यानं शिकताना मी रोज बघते. घाबरलेल्या बापाला असं वाक्य ऐकवणं मला मान्य नाही.

मग काय करायचं? आठवड्याला दोन सेशन घ्या, पण एका अटीवर : तुम्ही किंवा वहिनी आत बसणार. 'पालक आत नकोत' असा नियम असेल तर दुसरी जागा शोधा. थेरपिस्टकडून तास विकत घ्यायचे नाहीत, तिचं कसब शिकून घरी न्यायचं. मूल तिच्याकडे आठवड्यात दोन तास असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे.

माझ्याकडे एक आई यायची. पहिले चार महिने ती बाहेरच्या बाकावर बसून असायची, कारण मीच तिला आत घेत नव्हते. ती माझी चूक होती. नंतर तिला आत बोलावलं आणि एकच गोष्ट दाखवली. मुलाला तहान लागली की तो तिचा हात धरून माठाकडे ओढायचा, ती पेला भरून द्यायची, संपलं. मी म्हटलं, पेल्यात दोनच घोट ओता. तो पिऊन झाला की माठाच्या तोटीवर हात ठेवा आणि थांबा. बोलू नका, मनात दहापर्यंत मोजा. तिला ते दहा आकडे जड गेले. पहिल्या दिवशी तो चिडला. पाचव्या दिवशी त्याने तोटीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि 'प' म्हणाला. त्याच क्षणी तिने पाणी दिलं. दिवसातून आठ-दहा वेळा मूल पाणी मागतं. तेवढी सेशन फुकट झाली.

खर्च ठरवताना चार वर्षं झेपेल एवढाच ठरवा. आठ महिने जीव तोडून पैसे भरले आणि मग सगळंच बंद पडलं, अशी घरं मी फार पाहिली आहेत. पैसे देण्याआधी नोंदणी विचारा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्यांची) नोंदणी आपल्या राज्याच्या परिषदेकडे असते. विचारायला संकोच करू नका. शिवाय दर तीन महिन्यांनी लेखी उद्दिष्टं मागा. 'संवाद सुधारणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'भूक लागली की बोट दाखवून मागेल' हे उद्दिष्ट.

प्रश्न : मुलीला सौम्य ऑटिझम आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर आयुष्यभराचा शिक्का बसेल, असं सासूबाईंचं म्हणणं. 'सौम्य'ला काही मिळतच नाही, असंही ऐकलं. – एक आई, ठाणे

ताई, प्रमाणपत्र काढा. ते दाखवायचं की नाही हे प्रत्येक वेळी तुम्हीच ठरवता. शाळेच्या फाटकावर कुणी ते लावत नाही. सासूबाईंची धास्ती मायेपोटी आहे, त्यांना हे शांतपणे सांगा.

'सौम्यला मिळत नाही' हे चूक. आपल्याकडे आयएसएए या ४० मुद्द्यांच्या चाचणीवर मोजमाप होतं. ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, आणि ७० गुणांनाच ४० टक्के दिव्यांगत्व धरलं जातं. बहुतेक सवलतींची पायरी तीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ दिव्यांगता आहेत, त्यात स्वमग्नता स्पष्टपणे आहे. प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळापुढे. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कार्ड आलं की पहिलं काम निरामय विमा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही योजना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण देते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला नोंदणीला ५०० रुपये पडतात. नेहमीच्या आरोग्य विम्यात मूल रुग्णालयात भरती झालं तरच पैसे मिळतात. निरामयमध्ये चालू थेरपीचाही खर्च मिळतो. पूर्ण लाख थेरपीला मिळत नाही, त्याची वेगळी मर्यादा आहे, पण मिळतं ते सोडायचं कशाला? पैसे आधी तुम्ही भरायचे, मग बिलं पाठवायची. म्हणून प्रत्येक सेशनची पावती मुलीच्या नावाने, तारीख आणि सही-शिक्क्यासह घ्या. वहीच्या कागदावरची पावती परत येते.

तुमच्या घरी प्राप्तिकर भरला जात असेल तर ८०डीडी ही वजावट बघा : ७५ हजार, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, वजावट ठरलेली. मात्र ती जुन्या करप्रणालीतच मिळते. दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडल्याशिवाय निवड करू नका.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे, बोलत नाही. एका ठिकाणी स्टेम सेल (मूलपेशी) उपचाराचे साडेतीन लाख सांगितले. माझी एफडी आहे, मोडू का? – एक आजोबा, सांगली

काका, मोडू नका. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ सालीच हे उपचार न करण्याबद्दल सांगितलं आहे. 'प्रयोग चालू आहे' असं कुणी म्हणालं, तर खऱ्या वैद्यकीय चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. पैसे मागितले, की उठून या.

एफडी तशीच राहू द्या. तिच्या व्याजातून नातवाच्या स्पीच थेरपीचा खर्च उचलता येईल, त्याचा सूनबाईंना मोठा आधार होईल. बोलता येत नसेल तर चित्रं दाखवून मागायला शिकवणाऱ्या पद्धती आहेत. चित्रं वापरली म्हणून बोलणं अडत नाही, ही भीती मनातून काढा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एकही थेरपिस्ट नाही. मुलगी अडीच वर्षांची. पणजीला जायचं तर नवऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. – एक आई, दोडामार्ग

ताई, अंगणवाडीत मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. सेविकाताईंना सांगून मुलीचं नाव त्यात घाला. पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतं, आणि तिथली तपासणी व उपचार मोफत असतात. पथकाची वाट बघायची नसेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात थेट चौकशी करा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. प्रमाणपत्र मिळालं की ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

घरी करण्यासारखंही खूप आहे, आणि त्याचा दाखला तुमच्या शेजारीच आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांना शिकवायला तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. घरी जाऊन ते आईचा आणि मुलाचा खेळ चित्रित करायचे, मग आईच्या शेजारी बसून तो बघायचे. आई मुलाच्या कलाने घेऊ लागली आणि मुलं आपणहून तिच्याकडे जास्त वेळा काही मागू, दाखवू लागली.

तुमच्याकडे फोन असेलच. नवऱ्याला सांगा, मुलगी आणि तुम्ही खेळत असताना दहा मिनिटं चित्रित करा. रात्री ती निजली की दोघं मिळून बघा. ती कधी तुमच्याकडे पाहते, हाताने काय सांगते आणि त्या वेळी तुम्ही काय करत होता, एवढंच शोधा. बघताना कळतं, की आपण प्रश्न फार विचारतो : हे काय, ते काय, काऊ कुठाय. दुसऱ्या दिवशी प्रश्न कमी करा. ती काजूच्या बिया डब्यात टाकत असेल तर तुम्हीही एक टाका, 'टाकली' म्हणा आणि गप्प राहा. चार-पाच व्हिडिओ साठले की ओरोसला जाताना फोन बरोबर न्या. तिथल्या अर्ध्या तासात मुलगी बुजून गेली, तरी घरी ती कशी असते हे त्यांना दिसेल.