बहीण जेवून उठली की लगेच बाथरूममध्ये जाते, वजन मात्र ठीक आहे. बुलिमिया असू शकतो का?

असू शकतो. बुलिमियात वजन बऱ्याचदा नेहमीसारखंच राहतं, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ताबा सुटून भरपूर खायचं आणि मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा कडक उपास करून ते ‘भरून काढायचं’, असं हे चक्र. (आपल्याकडे उपासाच्या आड ते सहज लपतं.) कानाजवळ गाल सुजणं, दात झिजणं या खुणा कधीकधी दंतवैद्यालाच आधी दिसतात.

खरी भीती पोटॅशियमची. उलट्या-जुलाबांमुळे रक्तातलं ते उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी फिजिशियनकडून रक्त तपासा, ईसीजी काढा. चक्कर किंवा धडधड असेल तर थेट हॉस्पिटल. मग मानसोपचारतज्ज्ञ. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी) हा मुख्य उपचार. गरज पडल्यास फ्लुओक्सेटिन देतात, तेही नैराश्यात देतात त्याहून सहसा जास्त, दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत; त्यामुळे ते स्वतःहून सुरू करायचं औषध नव्हे. नुसत्या डाएटिशियनवर भागवू नका.

तिला ‘सुटलीस’ नको आणि ‘छान बारीक झालीस’ही नको. पानावर बसल्यावर तर हा विषयच नको. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.