"मॅडम, मला खरंच कोडिंग येतं का?"

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधीच तिने हे विचारलं. अलीकडे हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच मुलामुलींकडून येतो. म्हणून तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहिते आहे.

ती डिचोलीची, वय 23. इंजिनिअरिंग संपवून पर्वरीच्या एका कंपनीत हॉटेल बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर लागली. पहिल्या दिवसापासून कोड लिहून देणारं एआय हाताशी होतं. काम वेळेत व्हायचं, शाबासकीही मिळायची. मग एका कोड रिव्ह्यूत, म्हणजे लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासताना, सीनियरने सहज विचारलं, "ही ओळ इथे कशाला घातलीस?" तिला सांगता येईना. त्या रात्रीपासून झोप नाही, रविवार संध्याकाळ झाली की पोटात गोळा. "मी सगळ्यांना फसवते असं वाटतं," म्हणाली.

'तू हुशार आहेस गं' म्हणून तिला घरी पाठवता आलं असतं. पण तिची भीती मला निराधार वाटली नाही. पुढच्या भेटीला लॅपटॉप घेऊन ये, म्हटलं. एआय बंद करून तिच्याच कामातलं एक छोटं काम तिने निवडलं: खोल्यांचे दर चढत्या क्रमाने लावायचे. मी शेजारी बसले होते. दोन शब्द टाइप केले की ती थांबायची आणि डाव्या हाताची करंगळी आपोआप टॅबच्या बटणावर जायची. पडद्यावर आयती ओळ उमटेल, ती स्वीकारायची, ही सवय. ओळ उमटत नव्हती.

दर लावले तर 10000 हा 9000 च्या आधी आला. दहा मिनिटांत तिचे डोळे भरून आले. मी काही सुचवलं नाही. चाळीस मिनिटांनी तिला सापडलं: तुलना कशी करायची हे सांगितलं नाही, तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतली क्रम लावणारी 'सॉर्ट' ही आज्ञा आकड्यांना मजकूर समजते, आणि मजकुरात 1 हा 9 च्या आधी येतो. "हे मला कॉलेजात येत होतं, मॅडम!"

येत होतंच. वापर थांबला होता. जानेवारी 2026 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनेच एक प्रयोग प्रसिद्ध केला. 52 प्रोग्रामर, त्यांतले बहुतेक नवखे, पायथन या भाषेची एक अनोळखी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायला शिकले. नंतरच्या चाचणीत एआय वापरणाऱ्यांना सरासरी 50 टक्के मिळाले, न वापरणाऱ्यांना 67. सर्वांत मोठी तफावत चूक शोधण्याच्या प्रश्नांत होती. पण एआयला 'हे असं का?' विचारत शिकलेल्यांची समज टिकली होती. हा भाग मी तिला दोनदा वाचून दाखवला, कारण एआय सोडून दे असं मला सांगायचंच नव्हतं. नोकरीत ते शक्यही नाही.

तिचे वडील भजनात पखवाज वाजवतात. तीच म्हणाली, "बाबा शिकायला आलेल्या पोरांना आधी बोल तोंडाने म्हणायला लावतात. त्याशिवाय हात बसत नाही म्हणतात." मग आम्ही तेच धरलं. सकाळचा पहिला पाऊण तास एआय बंद. एरर आली की तो संदेश एआयमध्ये चिकटवायच्या आधी मोठ्याने वाचायचा आणि काय बिघडलं असेल याचा आपला अंदाज वहीत लिहायचा. एआयकडे उत्तराआधी कारण मागायचं. जी ओळ समजावून सांगता येत नाही, ती पुढे पाठवायची नाही.

सीनियरशी बोलायला ती घाबरत होती. दोन भेटी त्यातच गेल्या. कंपन्यांनी नवख्यांकडून मुरलेल्या माणसाचा वेग मागू नये, असं मला कळकळीने वाटतं. शेवटी ती बोलली, आणि तो आठवड्यातून एकदा तिच्यासोबत बसायला तयार झाला.

तिसऱ्या महिन्यात आली ती बसायच्या आधीच बोलू लागली. "काल एका चुकीपायी दीड तास गेला, मॅडम. तारखेचा घोळ होता. एआयला विचारलंच नाही." आणि वही उघडून तिने आपले तीन अंदाज दाखवले. पहिले दोन खोडलेले होते.