फोर-हायमध्ये वळणावर गाडी आवळते, लिव्हर निघत नाही

मनालीहून आल्यापासून स्टिअरिंग जड, वळणावर धक्के आणि लिव्हर फोर-हायमधून (चारही चाकांना ताकद) टू-हायला (दोनच चाकांना) येत नाही, हे तुमचं वर्णन वाचलं आणि माझाच जानेवारी आठवला. गिअरबॉक्स उघडायला आत्ताच देऊ नका.

मी मनालीपलीकडच्या सिस्सूच्या बर्फात फोर-हाय लावलं, ते परत येताना काढलंच नाही. अटल बोगद्याचे ९ किलोमीटर कोरडे, पुढचं डांबरही कोरडं. म्हटलं, थंडी आहे, असू दे. तिथेच चुकलं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे जिथे फोर-व्हील गरजेपुरतंच लावायचं असतं, मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. बर्फात, ताम्हिणीच्या चिखलात टायर जरा घसरून तो ताण सोडतो. कोरड्या रस्त्यावर सोडत नाही, सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा) साठतो.

पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरने केस उघडली, गाडी तीन आठवडे ठेवली, काही सापडलं नाही म्हणाले आणि बिल मात्र व्यवस्थित लावलं. फोर-हाय कुठल्या रस्त्यावर लावलं होतं, एवढं एकानेही विचारलं नाही! नंतर एका जुन्या जीपवाल्याने सांगितलं: स्टिअरिंग सरळ ठेवून थोडं रिव्हर्स घ्यायचं, मग लिव्हर ओढायचा. बहुतेक वेळा सुटतो. (मी मेकॅनिक नाही. आवाज येत असेल तर दाखवाच.) कायम फोर-व्हील असणाऱ्या गाड्यांचं गणित वेगळं.

पुन्हा जाणार म्हणताय, तर माझं स्पष्ट मत: टायरवर खर्च करा. फोर-बाय-फोरने गाडी निघते, थांबायच्या वेळी त्याचा उपयोग शून्य. ब्रेक तर सगळ्यांच्याच चारही चाकांना असतात. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. नाना पेठेत कुणी 'ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांचा टायर) आहे, बर्फात पळेल' म्हणालं तर साइडवॉलवर (टायरच्या बाजूला) तीन शिखरं आणि हिमकणाची खूण बघा. नसेल तर टायरवर चढवायची चेन घ्या, आणि ती घरीच एकदा चढवून बघा.

टायरची हवा तापमान उतरेल तशी दर साडेपाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय उतरते. उंचीमुळे थोडी भरूनही निघते, म्हणून पुण्याच्या आकड्यावर न जाता तिथे सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा.

रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. सकाळी तो काढा. आम्ही विसरलो होतो.