पवनाकाठी सायकल: प्रदक्षिणा सोडा, बेडसे धरा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही दोघं, साठीच्या अलीकडे-पलीकडे, हायब्रिड सायकली, डिसेंबरातले दोन दिवस. पवना तलावाची पूर्ण प्रदक्षिणा करायची आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारही किल्ले बघायचे. शिवाय 'घाई अजिबात नको, रमतगमत जायचंय'.

यातलं रमतगमत ठेवा आणि बाकीचं निम्मं सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रदक्षिणा नकाशावर छान गोल दिसते. प्रत्यक्षात तुंगवाडीच्या पुढे रस्ता घुसळखांबाकडे चढत जातो, तिथून लोणावळ्यात शिरायचं आणि दुधिवरे खिंडीचा उभा उतार ब्रेक दाबत उतरून तलावाशी परत यायचं. तेवढ्यात दिवस जातो, आणि लोणावळ्यातल्या गाड्यांच्या रांगेत पवना मावळ कुठेच भेटत नाही. चार किल्ल्यांचंही तसंच. सायकल मारून दमलेल्या गुडघ्यांनी विसापूर चढायचा म्हणजे वर पोचल्यावर बसूनच राहावंसं वाटतं, आणि तो गड तर पसरट, चालत फिरायचा.

त्यापेक्षा अजून एक दिवस काढा आणि दोन रात्री तलावाच्या दक्षिणेला मुक्काम करा. किल्ला एकच चढा, तिकोना. बाकीचे तिन्ही रस्त्यावरून दिवसभर दिसत राहतात. आणि चाललाच आहात तर बेडसे आणि भाजे ही दोन लेणी नक्की बघा, एक येताना आणि एक जाताना.

सुरुवात कामशेतपासून करा. पुण्यापासून जुन्या महामार्गावरून सायकल हाणत यायचा हट्ट नको. जड वाहनांच्या धुरात तीन तास घालवून हाती काही लागत नाही. गाडीच्या मागे सायकली बांधून कामशेतला या. तिथून पवनानगर पंधराएक किलोमीटर. कामशेत इंद्रायणीच्या खोऱ्यात आणि तलाव पवनेच्या, त्यामुळे मधली खिंड ओलांडावीच लागते. हा पहिल्या दिवसाचा खरा चढ. सगळ्यात हलका गिअर लावा, दम लागला तर उतरून ढकला. सायकल ढकलण्यात कमीपणा नाही, आणि पलीकडे उतरताना समोर भातखाचरं उघडतात तेव्हा सगळं वसूल होतं. डिसेंबरात भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, बांधांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे तांदूळ याच पट्ट्यातले. जेवणाला भात आवर्जून मागा.

याच रस्त्यावर बेडसे गावाचा फाटा लागतो. इथे सकाळीच पोचायचं, म्हणून कामशेतहून उजाडताच निघा. लेणी पूर्वाभिमुख आहेत, ऊन थेट आत येतं ते सकाळीच. सायकली खाली एखाद्या घरापाशी सांगून, कुलूप लावून ठेवा आणि पायऱ्या चढा. चारशेच्या आसपास आहेत, बांधलेल्या आहेत, बसत-उठत जाता येतं.

बेडसे मला कार्ल्यापेक्षा जास्त आवडतं, आणि याचं कारण सांगायला मी चार ओळी जास्त घेणार आहे. चैत्यगृहासमोरचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहासमोरचा, कातळ पुरता फोडलेलाच नाही. त्यातून काढलेल्या अरुंद बोळातून आत शिरायचं, त्यामुळे बाहेरून जवळजवळ काहीच कळत नाही. दोन पावलं पुढे टाकली की एकदम भलेमोठे अष्टकोनी खांब अंगावर येतात. मान वर करून बघा. खांबांच्या माथ्यावर उलट्या घंटेसारखं कमळ, त्याच्यावर गुडघे मोडून बसलेले घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. त्यांची कर्णभूषणं, कंबरपट्टे, हातातली कडी वेगवेगळी ओळखता येतात. हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लेख आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक याचं दान. पाण्याच्या टाक्याशी दुसरा लेख आहे, त्यात महाभोजांची (ही तेव्हाची सरदारांची एक पदवी) मुलगी, महारठिनी म्हणजे महारठी सरदाराची बायको, सामडिनिका हिचं नाव येतं. नाशिकच्या सावकाराच्या मुलाने इथे पैसा का लावला असेल? कोकणातली बंदरं आणि घाटमाथा यांमधली वाट याच डोंगरांतून जाते. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी त्याच वाटेच्या आसऱ्याने उभी राहिली. शेजारचा विहारही, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागाही, चुकवू नका. विहार बहुतेक ठिकाणी चौकोनी असतात, हा मागून गोलाकार आणि वरून कमानीच्या छताचा आहे. इथे तासभर तरी बसा. कामाच्या दिवशी गेलात तर अख्खं लेणं तुमचंच असतं.

दुपारी पवनानगरला जेवून पुढे तिकोना पेठ किंवा जवणच्या बाजूला मुक्काम. पहिल्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या दिवशी सायकली मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवून आधी तिकोना. तुमच्या चालीने वर जायला दीड तास धरा. वाटेत चुन्याचा घाणा दिसेल, आणि पायाखाली पनवतीला दाबून धरलेला चपेटदान मारुती. तुळजाईची गुहा आणि त्यासमोरचं टाकं लागतं. शेवटच्या पायऱ्या मात्र फार उभ्या आहेत, धरायला तार आहे. उतरताना तिथे तोंड कातळाकडे करून उतरा. गुडघ्यांना झेपत नसेल तर त्या पायऱ्यांच्या खालूनच परत फिरा. तलाव तिथूनही छान दिसतो.

माथ्यावर त्र्यंबकेश्वर महादेवाचं देऊळ आहे. तिथून डावी-उजवी फिरवून नजर टाकली की या प्रदेशाची मांडणी कळते. पलीकडच्या काठावर लोहगड-विसापूरची जोडी, पश्चिमेला तुंगचा सुळका, मध्ये पाणी. बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर आणि या मावळावर या चौघांची नजर होती. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हे चारही आहेत. तहाआधी त्याच उन्हाळ्यात मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजांनी या किल्ल्यांखालची गावं जाळली होती. १६७० मध्ये लोहगड परत स्वराज्यात आला. विसापूर मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला, मग लोहगडही गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा मराठा किल्ले आले त्यांत लोहगड आहे, त्यामुळे तिथली गर्दी आता कमी व्हायची नाही. तो नंतर कधीतरी स्वतंत्रपणे, सायकलीशिवाय करा.

आणि वरून पाण्याकडे बघताना एक ध्यानात असू द्या. हे धरणाचं पाणी आहे. पिंपरी-चिंचवडला इथून जे पाणी मिळतं ते नदीने खाली रावेतपर्यंत जातं आणि तिथून उचललं जातं. त्यासाठी इथल्या लोकांची शेतं गेली, घरं गेली. वाघेश्वराचं हेमाडपंती देऊळही पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की उन्हाळ्यात ते उघडं पडतं, डिसेंबरात दिसणार नाही. काठावरच्या गावांत जुन्या माणसांशी बोलणं निघालं तर बसून ऐका. कॅम्पवाल्यांच्या जाहिरातींत यातलं एक अक्षर नसतं.

जेवून, ऊन कलल्यावर जवणहून मोरव्याच्या दिशेने सायकल काढा. ही या सगळ्या बेतातली सर्वांत सुंदर वाट. चढ-उतार सारखे आहेत पण छोटे, आणि पाणी कधी शेजारी, कधी झाडांआड. तुंगवाडी गाठायचीच असं ठरवू नका. तुंगचा सुळका समोर मोठा होत जातो, मन भरलं की फिरा. फक्त अंधाराच्या आत मुक्कामी पोचा. रस्त्याला दिवे नाहीत आणि खड्डे आहेत.

तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने कामशेत, तिथून महामार्गाच्या कडेने मळवली आणि भाजे. इथे दुपारी तीननंतर जायचं, कारण भाजे लेणी पश्चिमाभिमुख, बेडशाच्या नेमकी उलट. चैत्याच्या छताला जुन्या लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या उतरत्या उन्हात नीट दिसतात. चौदा स्तूपांचा घोळका बघा, आणि दक्षिणेकडच्या विहारातली रथातल्या सूर्याची आणि हत्तीवरच्या इंद्राची शिल्पं.

आता थोडं सामानाचं. टायर ३५ मिलिमीटरच्या खाली नकोत. ब्रेक पॅड निघण्याआधी नवे घाला. खिंडीच्या उतारावर जुन्या पॅडची परीक्षा घेऊ नका. दोन ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान जवळ हवंच, वाटेत दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पाठीवर सॅक नको, कॅरिअरला पिशव्या लावा.

शनिवार-रविवार टाळा, हे कळकळीने सांगतोय. तलावाकाठी शनिवारी रात्रभर स्पीकर चालतात आणि अरुंद रस्त्यावर गाड्या बेफाम येतात. मंगळवार ते गुरुवार हा उत्तम काळ. आणि पाण्यात उतरायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. काठ एकदम खोल जातो, तळाला गाळ आहे, दरवर्षी माणसं बुडतात. पाय भिजवायचे तर काठावर बसून.

तुमच्या सायकलींच्या मागच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांच्या संचातल्या, सर्वांत मोठ्या चकतीला दात किती, ते मोजून इथे लिहा. ३२ किंवा त्याहून जास्त असतील तर खिंडीची काळजी नको. २८ असतील तर निघण्याआधी बदलून घ्या, दोघांचीही.