टाचेमागची शीर कापली तर पाय लुळा पडेल का?

प्रश्न : नातू तीन आठवड्यांचा आहे. दोन्ही पावलं जन्मतःच आत वळलेली. दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, आणि शेवटी टाचेमागची शीर कापावी लागेल असं डॉक्टर म्हणतात. एवढ्याशा बाळाचा पाय कायमचा लुळा नाही ना पडणार?
– एक आजी, कळवा (ठाणे)

उत्तर : नाही पडणार, आजी. ही शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी (कंडरा). पण एके काळी ही भीती अगदी रास्त होती. १८१६ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे देलपेश या शल्यविशारदांनी ही शीर कापली आणि जखमेत पू झाला. शस्त्रक्रियेतली लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदांची जंतुनाशक पद्धत यायला अजून पन्नास वर्षं होती. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर या शल्यविशारदांनी १८३१ मध्ये वाट काढली : कातडीला बारीकसं छिद्र पाडून अरुंद सुरी आत सरकवायची आणि शीर आतल्या आत कापायची. जखम उघडी राहत नाही, त्यामुळे ती सहसा चिघळतही नाही. १८३६ मध्ये त्यांनी विल्यम लिटल या तरुण इंग्रज डॉक्टरांचा वळलेला पाय असाच सरळ केला. पुढे लिटल यांनीच ही पद्धत लंडनला नेली.

आजची पोन्सेटी पद्धत, म्हणजे दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करण्याची तुमच्या नातवावर चाललेली पद्धत, याच धाग्यावर आहे. बाकीचा वाक पाच-सात प्लास्टरांत सुटतो, पण ही शीर पुरेशी ताणली जात नाही. चवडा जोराने वर रेटला तर टाच वरच राहते आणि पाऊल मधूनच मोडल्यासारखं होऊन तळवा फुगतो. म्हणून कापणंच बरं. पडलेल्या फटीत नवी ऊती भरते आणि शीर लांब होऊन जुळते. त्यासाठी शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात.

प्लास्टर जांघेपर्यंत आणि गुडघा काटकोनात हवा. गुडघ्याखालीच घातलं तर ते घसरतं. बोटं आत गेलेली दिसली किंवा दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी होत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पावसाळ्यात लोकलने नेताना पायांवर प्लास्टिक गुंडाळा. प्लास्टर भिजून मऊ पडलं की पाऊल पुन्हा वळतं.

खरी कसोटी नंतर आहे. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि मग चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज झोपेत घालायचे. पाऊल परत वळतं ते बहुतेक वेळा हे बूट सोडल्यामुळेच. सुरुवातीच्या रात्री बाळ रडेल, तेव्हा बूट काढून ठेवू नका. टाच बुटाच्या तळाला टेकली आहे का ते पाहा आणि मधला पट्टा आधी आवळा.